बिऱ्हाडकरणीची तिन्ही मुलं

आमच्या खोलीला जनेल एकच होतं, आणि ते शाळेच्या बाजूला उघडायचं. खिडकीला जनेल म्हणायला आम्ही इथे आल्यावर शिकलो, तसंच खुर्चीला कदेल आणि पाववाल्याला पोदेर. सावंतवाडीच्या पलीकडचं आमचं गाव सोडून बाबा खाणीवरचा ट्रक चालवायला आले आणि त्यांच्या मागोमाग आई आम्हा तिघांना घेऊन आली. मी वनिता, थोरली, माझ्या पाठचा मंगेश आणि शेंडेफळ शकू. पाळी गावाच्या मागच्या अंगाला सातेरवाडा नावाची वस्ती आहे. तिथे दत्तारामभाऊंच्या घरामागे भाड्याच्या खोल्यांची एक ओळ होती, त्यातली कडेची खोली आमची. बाकीच्या खोल्यांतही आमच्यासारखीच माणसं, कुणी ड्रायव्हर, कुणी क्लिनर, कुणी शेतावर मजुरीला जाणारं. वाड्यातले लोक आम्हाला ‘भायले’ म्हणायचे, म्हणजे बाहेरचे. त्यात शिवी नव्हती. एखाद्याला उंच म्हणावं किंवा बुटका म्हणावं, तसं ते म्हणायचे. पण दिवसातून चार वेळा ऐकलं की ते नावासारखं चिकटून बसतं.

त्या घराची पहिली आठवण म्हणजे लाल धूळ. खनिजाचे ट्रक वाड्याच्या खालच्या रस्त्याने दिवसभर जायचे. चढणीला आले की गिअर बदलताना ओरडायचे, आणि त्यांच्यामागे उठलेली धूळ उतरायला जागा शोधत आमच्याकडे यायची. ताटं, माठ, देवाची तसबीर, शकूच्या पापण्या, कशालाच तिने सोडलं नाही. पांढरं म्हणून आमच्या घरात काही उरलं नव्हतं. बाबांची बनियनही कायमची गेरूच्या रंगाची. आई ताट वाढण्याआधी ते पदराने पुसायची आणि वाढून झालं की वर दुसरं ताट झाकायची. दुपारी बहुतेक उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या बांगड्याची खोबरं घालून कालवलेली किसमूर, रात्री कुळथाची पिठी आणि भात. पिठीला लसणीची फोडणी बसली की वास ओळीतल्या शेवटच्या खोलीपर्यंत जायचा आणि तिथली बाई तिथूनच विचारायची, “आज पिठी काय गे?” आई म्हणायची, “आज नाय, रोजच!” आणि दोघी हसायच्या. सकाळी पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की मंगेश उठायच्या आधी पळायचा. ट्रकचा भोंगा आणि पोदेराचा भोंगा यांतला फरक त्याला झोपेतही कळत असे.

तिसरा आवाज शाळेचा. ती एका खोलीची, पुढे ओसरी असलेली सरकारी मराठी शाळा होती. घंटा म्हणून ओसरीच्या वाशाला ट्रकच्या स्प्रिंगचा एक पाटा टांगलेला होता. बाई त्यावर लोखंडी कांब मारायच्या, आणि त्याचा नाद बराच वेळ हवेत राहायचा. पहिली ते चौथी सगळे वर्ग एकाच खोलीत, आणि सगळ्यांना मिळून त्या एकट्या बाई. कवितेचा आवाज यायचा, मग पाढ्यांचा, मग काहीच नाही, म्हणजे शुद्धलेखन चाललेलं. मी गावाला तिसरी पास झाले होते. इथे आल्या आल्या आई मला आणि मंगेशला घेऊन शाळेत गेली होती, पण तेव्हा बाई रजेवर होत्या आणि त्यांच्या जागी आलेल्या कुणा मास्तरांनी सांगितलं, “गावच्या शाळेचा दाखला आणा, मग बघू.” दाखला आणायचा तर बाबांना सुट्टी हवी, आणि खाण चालू असताना ड्रायव्हरला सुट्टी कसली? पावसाळ्यात खाण बंद पडली की आम्ही सगळेच शेती करायला गावाला जायचो, पण तेव्हा लावणीची घाई असायची आणि शाळेचे गुरुजी बदललेले असायचे. कुणी नाही म्हटलं नाही आणि कुणी हो म्हटलं नाही. अशाने दोन वर्षं गेली. आई भातकापणीला, काजूच्या बागेत, मिळेल तिथे कामाला जायची. मी घरी राहून शकूला सांभाळायची, पेज शिजवायची, कपडे धुवायची. मला त्याचं फार दुःख होत होतं असं आज सांगितलं तर ते खोटं ठरेल. मुलांना जे आहे तेच जग वाटतं. फक्त पाटा वाजला की माझे हात थांबायचे, एवढं आठवतं.

शाळा बंद होणार ही बातमी आमच्या खोलीत सर्वांत शेवटी पोचली. दिवाळीचे दिवस होते. वाड्यातल्या मुलांनी गवत भरून नरकासुराचा पुतळा केला होता, आणि घरमालकीण काकींनी ताटलीभर गूळ-खोबऱ्याचे फोव, म्हणजे पोहे, आमच्याकडे पाठवले होते. त्यांची सून ताटली देता देता आईला म्हणाली, “येत्या जूनपासून शाळा बंद. पोरां उरलीच नात न्हय!” वाड्यातल्या बऱ्या घरांनी आपली मुलं केव्हाच मुख्य गावातल्या मोठ्या शाळेत घातली होती. तिथे बाकं होती, पंखे होते, वर्गाला वेगळी टीचर होती आणि पहिलीपासून इंग्रजी होतं. मागे राहिली होती ती ज्यांना ने-आण जमत नव्हती अशा घरांची मुलं, आणि ती इतकी थोडी की बाई त्यांना एकाच चटईवर बसवायच्या. खात्याच्या मॅडम सुट्टीनंतर पट बघायला येणार होत्या. मुलं वाढली नाहीत तर शाळेला कुलूप लागणार आणि उरलेल्यांना मोठ्या शाळेत पाठवणार, असं ठरत आलं होतं.

यावरून सातेरवाड्याचे दोन भाग पडले. बंद करा म्हणणाऱ्यांचे पुढारी आमचे घरमालक दत्तारामभाऊ. ते वाड्याचे पंच, म्हणजे पंचायतीवर निवडून गेलेले. अंगाने भरलेले, बोलायला मोठ्याने, पण मनाने कोते नव्हते. ओळीतलं कुणी आजारी पडलं तर स्वतःच्या जीपमधून डिचोलीला नेत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. एक बाई चार वर्ग काय शिकवणार? आमच्या पोरांनी जन्मभर चटईवर बसायचं का? आणि ती इमारत मोकळी झाली तर वाड्याला लग्नकार्याला, सभेला एक हॉल होईल. विरोधात उभा राहिला पुंडलिक. त्याचा देवळाजवळ किराणा मालाचा पसरो होता आणि त्याच्या दोन मुली शाळेत होत्या. तो म्हणायचा, मोठ्या शाळेची बस वाड्यात येत नाही, तिठ्यावर थांबते. म्हणजे पोरांनी तिठ्यापर्यंत ट्रकच्या रस्त्याने चालायचं. ती जबाबदारी कोण घेणार? पसऱ्यात साखर घ्यायला गेलं तरी हाच विषय. भाऊंच्या बाजूची माणसं खालच्या दुकानातून सामान आणू लागली. देवळातल्या भजनाला दोन्ही बाजू टाळ घेऊन बसायच्या, पण एकमेकांकडे पाठ करून.

आमच्या घरात यावर बाबा एकदाच बोलले. जेवताना मान वर न करता म्हणाले, “केबिनीतसून ल्हान पोर दिसणा नाय. टायराच्या बगलेक असला तर कायच कळणा नाय. माका रोज भ्या वाटता.” आईने त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. मग त्यांनीच पुढे जोडलं, “पण आपण भायली माणसा. गावच्या भानगडीत आपणाक कित्याक व्हया?”

भानगड आपण होऊन आमच्या दाराशी आली. सुट्टी संपायला थोडे दिवस असताना एका संध्याकाळी पुंडलिक आणि शाळेच्या बाई आमच्या खोलीत आले. इतक्या दिवसांत वाड्यातलं कुणी उंबऱ्याच्या आत येऊन बसलं नव्हतं. मी शेजारून एक कदेल मागून आणलं, त्यावर बाई बसल्या. पुंडलिक माठाशेजारी पाटावर. आईने काळा चहा केला, त्यात गूळ घातला. पुंडलिकाने त्याच्या पसऱ्यातल्या बिस्किटांचा पुडा शकूच्या हातात दिला, आणि शकूने तो घट्ट छातीशी धरला, कारण असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

“वहिनी,” बाई म्हणाल्या, “तुमची ही दोन लहान मुलं शाळेत पाठवा. मुलगा दुसरीत बसेल, धाकटी पहिलीत. दाखल्याचं मी बघते. तुम्ही पाठवलीत तर ओळीतल्या बाकीच्याही पाठवतील, सगळ्या तुमच्याकडे बघून आहेत.”

“खरेंच,” पुंडलिक म्हणाला. “आयज तुमचेर आसा सगळें.”

आईने कपबश्या गोळा केल्या. मग माझ्याकडे हात करून तिने विचारलं, “आणि हिचा काय?”

बाईंनी पदर सारखा केला. त्यांच्या तोंडावरून कळत होतं की माझा विचार त्यांनी केला नव्हता असं नाही, पण सोयीचा नव्हता. पुंडलिकच बोलला. “ती आतां व्हडली जाली गे. चवथीत बसली तरी जूनांत भायर पडटली. पटाक तिचो उपेग ना. धाकटीं दोगां दियात.”

मी चुलीपाशी बसले होते. उपयोग नाही हे शब्द मी ऐकले आणि मला ते पटलेही. खरंच, माझा काय उपयोग? आणि मी शाळेत गेले तर पेज कोण शिजवणार? पण आईने पदर खोचला. ती उंचीने लहान होती, उभी राहिली तरी बसलेल्या बाईंच्या डोक्यापेक्षा फार वर जायची नाही. ती शांतपणे म्हणाली, “माजी पोरा तुमका पट वाढवूक व्हयी असतीत. माका ती शिकाक व्हयी असत. तिघांय जातली, नायतर एकूय जावचा नाय.”

पुंडलिक हिरमुसला होऊन गेला. बाई मात्र उंबऱ्यात जरा थांबल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “मी मॅडमना विचारीन. शब्द देत नाही, पण विचारीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तारामभाऊ आले. ते आत आले नाहीत, दारातच उभे राहून त्यांनी केळ्यांचा फणा पुढे केला. पुंडलिक येऊन गेल्याचं त्यांना कळलं होतं. वाड्यात कळायला वेळ काय लागतो! “तुमची पोरां हांव व्हडल्या शाळेंत घालतां,” ते बाबांना म्हणाले. “बशीचें, तिठ्याचें हांव पळयतां. ह्या मोडक्या शाळेच्या नादाक लागूं नाकात.” बाबा हो-ना करत राहिले. आईने आतून विचारलं, “वनिताक पण घेतीत?” भाऊ हसले. “तिका आतां कित्याक शाळा? आमच्या घरांत काम आसा, येवं दी. आमी तिका बरी पोसतले.” आणि जाता जाता, आवाज न चढवता, ते म्हणाले, “एकामेकाक सांबाळून रावपाचें, बाबा. खोली तुमकाच दिल्या, दुसऱ्याक न्हय.”

त्या रात्री आई-बाबांचं भांडण झालं. आमच्या घरात भांडण म्हणजे कुजबुज, कारण भिंती पातळ. बाबा म्हणत होते, “खोली सोडूक सांगल्यान तर खय जातलंव? पोरांका घेवन रस्त्यार बसतलंव?” आई म्हणत होती, “आणि हिका धुणीभांड्याक धाडूक तुमचा मन होता?” बाबा कूस बदलून एवढंच म्हणाले, “माका अंगठो येता, तुका अंगठो येता.” त्याचा अर्थ तेव्हा मला लागला नाही. मला वाटलं, ते म्हणतायत आपण अडाणी, आपलं कोण ऐकणार. आज मला वाटतं, त्यांना नेमकं उलट म्हणायचं होतं, की पोरीवर तरी अंगठ्याची वेळ नको. पण आता विचारायला ते नाहीत.

मॅडम आल्या त्या दिवशी कापणी उरकलेल्या शेतांवर गुरं सोडलेली होती. सभा शाळेच्या ओसरीतच होती. मधोमध टेबल, त्यामागे मॅडम आणि बाई. एका बाजूला भाऊ आणि त्यांची माणसं, दुसऱ्या बाजूला पुंडलिक आणि त्याची. बायका माडाच्या सावलीत. आई त्या दिवशी कामावर गेली नव्हती. तिने आम्हा तिघांच्या डोक्याला खोबरेल चोपडलं, मला तिचं जुनं लुगडं फाडून शिवलेला परकर नेसवला आणि आम्हाला घेऊन ती बायकांच्याही मागे जाऊन उभी राहिली. ओळीतल्या बाकीच्या बायका आपापली मुलं घेऊन आमच्या मागे. बाबा पहाटेच ट्रक घेऊन गेले होते, पण सभा सुरू व्हायच्या वेळी मी वळून पाहिलं तर ते रस्त्यापलीकडे ट्रक बाजूला लावून त्याच्या फुटबोर्डावर उभे होते.

मॅडम वयस्क होत्या, चष्मा नाकावर घसरलेला, बोलणं मऊ. त्यांनी पट पाहिला, मान हलवली आणि म्हणाल्या, “एवढ्या मुलांवर शाळा चालत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.” पुंडलिक उठला आणि रस्त्याचं, ट्रकचं, तिठ्याचं सगळं बोलला, बोलता बोलता समोर बसलेल्या आपल्या मुलींकडे बघत राहिला. मग बाई म्हणाल्या, “मॅडम, मागच्या खोल्यांतली मुलं यायला तयार आहेत. त्यांना धरलं तर पट पुरतो.”

तेव्हा दत्तारामभाऊ उभे राहिले. “मॅडम, तीं पोरां हांगचीं न्हय,” ते म्हणाले. “तीं भायलीं. पावस पडलो की गांवाक वतात. फाल्यां खाण बंद पडली की वचून बसतलीं. वतल्या लोकांखातीर शाळा दवरपाची?”

मॅडमनी चष्म्यावरून बायकांकडे पाहिलं. “पावसाळ्यात निघून जाता, खरं आहे का हे?”

मला वाटलं आता संपलं. ओळीतल्या बायकांपैकी एक मागे सरकली. आई पुढे गेली. मंगेशचा हात तिच्या उजव्या हातात, शकू कडेवर, आणि मी तिच्या पदराला धरून. ओसरीच्या पायरीपर्यंत जाऊन ती थांबली.

“खरा असा,” ती म्हणाली. “पावसाक आमी गावाक जातंव. येत्या पावसाक घोव एकटो जातलो, मी पोरांका घेवन हयच ऱ्हवतलंय.” हे ती पहिल्यांदाच बोलत होती, आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मग ती भाऊंकडे वळली. “पण भाऊ, माका एक सांगा. निवडणुकीच्या आदी आमची नावा मतदारांच्या यादीत घालूक आमच्या दारात कोण इल्लो? तुमीच इलास न्हय? जीपीत घालून मत देवक तुमीच नेलास न्हय? त्या दिसा आमी सातेरवाड्याची होतंव. आज पोरांका शाळा व्हयी झाली, तर आमी भायली?”

मग पुंडलिकाच्या बाजूच्या कुणीतरी खो खो हसायला सुरुवात केली, आणि ते हसू भाऊंच्या माणसांतही पसरलं, कारण त्यांच्यातलाच एक जण तेव्हा जीप चालवत होता. भाऊंचा चेहरा धुळीपेक्षा लाल झाला. ते काही बोलायला गेले, थांबले, आणि मग, हे मी त्यांच्या बाजूने मुद्दाम लिहून ठेवते, तेही हसले. कपाळ पुसत म्हणाले, “मॅडम, हिणें म्हाका धरलो.” आणि खाली बसले.

मॅडमनी बाईंना मुलांची नावं लिहायला सांगितली. मंगेश, शकू, ओळीतली बाकीची. मी पदराआड होते. पुंडलिकाने हळूच म्हटलं, “जालें न्हय? व्हडलीचें रावं दी.” आई जागची हलली नाही. बाईंनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी माझ्याकडे, आणि त्या विचारात पडल्या. “वय जास्त आहे,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षं खंड पडलाय. झेपेल का हिला?”

माडाखालून काकी बोलल्या. भाऊंच्या बायकोने, रुक्मिणीकाकींनी, चारचौघांत नवऱ्याच्या सभेत कधी तोंड उघडलं नव्हतं. आज मात्र त्या ठसक्यात म्हणाल्या, “मॅडम, हें चेडूं म्हज्या परसांत कपडे वाळत घालता आनी शाळेंतल्या पोरांवांगडा पाडे म्हणटा. सकाळच्या पारार म्हजी तकली उठयता! झेपपाचें कितें विचारतात? घाला तिका शाळेंत आनी म्हाका मातशें सुसेग रावं दियात!”

मी पाढे काकींचं डोकं उठेल इतक्या मोठ्याने म्हणते हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, ते मनात चालतं. साऱ्या ओसरीने माझ्याकडे वळून पाहिलं आणि मी आईच्या पदरात तोंड लपवलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला. “चौथीत घ्या,” त्या बाईंना म्हणाल्या. “दाखला मागवून घेऊ. तोवर मुलगी घरी का बसेल?”

रस्त्यापलीकडून ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. भोंगा एकदाच वाजला, लांब.

शाळा राहिली, पण भाऊंची धमकी तशीच होती. खोली जाणार याबद्दल बाबांना शंका नव्हती. त्यांनी ओळखीच्या ड्रायव्हरांकडे दुसऱ्या खोलीची चौकशीही केली. पुढचे दोन-तीन दिवस भाऊंची पावलं परसात वाजली की आई हातातलं काम थांबवायची. शेवटी एका सकाळी ते आलेच. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे. भाऊंनी छपराकडे पाहिलं, दोन सरकलेली कौलं बोटाने दाखवली आणि म्हणाले, “पावसाक तूं पोरांक घेवन हांगा रावतली न्हय? मागीर हीं बदलूंक जाय. गडी धाडटां.” निघताना वळून आईला म्हणाले, “आनी आयक गे बिऱ्हाडकरणी, फुडल्या पावटीं पंचायतीक उबी रावपाचो विचार आसा जाल्यार म्हाका आदींच सांग. हांव घरा बसतां.”

ते गेल्यावर बाबा उंबऱ्यावर बसले आणि पोट धरून हसले. मी त्यांना असं हसताना फार कमी पाहिलंय. “आपली मता असत गे,” ते म्हणत होते, “मता असत! आपणाक खय काडतलो तो?”

आज शाळा विलीन करण्याच्या बातम्या पेपरात दरवर्षी येतात. फोनवर कुणी ना कुणी फोटो पाठवतं, पेडण्याकडची एखादी शाळा, फाटकापाशी उभे पालक, हातात लिहिलेले कागद. मी ते फोटो मोठे करून बायकांचे चेहरे बघते. मला भाऊंचं म्हणणं आता पूर्वीइतकं चुकीचं वाटत नाही. एका बाईंनी चार वर्ग शिकवणं सोपं नव्हतंच, आणि मी स्वतः माझ्या मुलाला डिचोलीच्या मोठ्या शाळेत घातलं, पंखे होते म्हणून, इंग्रजी होतं म्हणून. सातेरवाड्याची शाळाही कायमची वाचली नाही. पुढे ओळीतली माणसं पांगली, मुलं संपली, आणि एका जूनमध्ये तिला कुलूप लागलं. तेव्हा भांडायला कुणी उरलं नव्हतं. पण आमच्यापुरती ती वेळेवर उघडी होती. मी तिथून पुढे गेले, मग माध्यमिक, मग नर्सिंग, मग इतकी वर्षं दवाखान्याची नोकरी. मंगेश गॅरेज चालवतो. शकू तर आम्हा सगळ्यांपेक्षा शिकली. काठावरचं पोर पाण्यात पडता पडता कुणी दंडाला धरून मागे ओढावं, तसं ते होतं. ओढलं तेव्हा दंड दुखतो, भीती मागाहून कळते.

शाळेचा पहिला दिवस मात्र मला तासातासाने आठवतो. चौथीत मी आणि पुंडलिकाची थोरली, दोघीच. ती माझ्या खांद्याइतकी. चटईवर माझे पाय मावत नव्हते म्हणून बाईंनी मला भिंतीकडेला बसवलं. मंगेश पहिल्या तासालाच दोनदा पाणी प्यायला गेला. शकू थोडी रडली, मग माझ्या मांडीवर येऊन बसली आणि तिथूनच पहिलीत शिकली. बाईंनी मला वाचायला दिलं. अक्षरं ओळखीची होती पण लवकर जवळ येत नव्हती, एकेकाला थांबून बोलवावं लागत होतं. बाई घाई करत नव्हत्या. दुपारी सुट्टी झाली तेव्हा माझी मान दुखत होती आणि बोटांना शाई लागली होती, आणि मला एवढी भूक लागली होती की घराकडे मी चालत गेले नाही, धावले.

आई त्या दिवशी अर्ध्या दिवसाचं काम करून परतली होती. पेज शिजवून, ताट झाकून ठेवलेलं होतं. तिने आम्हाला वाढलं आणि समोर बसून विचारलं, “काय शिकवल्यानी?” मी एका पानाचा धडा जेवढा आठवला तेवढा सांगितला. मंगेशने पाणी कुठे ठेवलंय ते सांगितलं. शकू म्हणाली, “माका बाईन गोरी म्हटल्यान.” आई प्रत्येकाचं नीट ऐकत होती, जणू परीक्षा तिची होती. मग तिने भिंतीला पाठ टेकली. बोलता बोलता तिची मान एका बाजूला कलली, आणि ती तिथेच, बसल्या जागी, झोपली.

आईला दिवसा झोपलेलं आमच्यापैकी कुणीच कधी पाहिलं नव्हतं. तिचं तोंड थोडं उघडं होतं आणि चेहरा एकदम लहान मुलीसारखा दिसत होता. शकूला वाटलं तिला काहीतरी झालं, ती रडायच्या बेतात होती. मी तिला जवळ ओढलं, ओठांवर बोट ठेवलं. मंगेशने उठून जनेल हळूच लोटून घेतलं. खालून ट्रक चढण चढत होते, एकामागून एक, ओरडत, धूळ उडवत. आई जागी झाली नाही. आम्ही तिघं तिच्यापुढे ओळीने बसून राहिलो, आणि पेज जेवढा आवाज न करता जेवता येईल तेवढी जेवलो.